रंगाखालची वायर

माझं काम सांगितलं की नातेवाईक हळहळतात. अंधेरीच्या एका लॅबमध्ये मी वायरवरचं प्लास्टिकचं आवरण ओव्हनमध्ये तापवत ठेवते. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते कडक, ठिसूळ करून टाकतात. घरात जे व्हायला वर्षं लागतात, ते ओव्हनमध्ये काही आठवड्यांत दिसतं. मग मी ते वाकवून, ताणून बघते. मला यात भयंकर मजा येते.

दहिसरच्या आमच्या घरातली वायरिंग बाबांनी गिरणीत कामाला असताना स्वतःच्या हाताने केलेली, भिंतीवरून उघडी. दरवर्षी गणपतीआधी ऑइलपेंट लागायचा आणि बाबांचा ब्रश भिंतीवरून जाता जाता वायरवरूनही फिरायचा. गणपतीत सगळं खानदान आमच्याकडे, वर दिव्यांच्या माळा. यंदा त्याआधी वायरिंग बदलायचीच, असा मी हट्ट धरला. मला खरंच भीती वाटत होती. लॅबमधली आवरणाची तडकलेली पट्टी दाखवली, तर बाबा म्हणाले, "भट्टीत घातलंस तर तुटतलीच गो!"

मी चिडले, पण मुद्दा बिनतोड होता. मग वायरमनला बोलावून घरातल्याच वायरचे दोन तुकडे काढून घेतले. एक दारावरचा, एक गॅसच्या वरचा. ओव्हन नाही की काही नाही. चाकूने रंग खरवडून दोन्ही बाबांच्या हातात दिले. दारावरचा मुकाट वाकला. गॅसवरच्याचं आवरण कटकन तुटलं, आतली तार उघडी पडली. शेजारी जुने तडेही होते, इतकी वर्षं रंगाने बुजवलेले.

खरवडलेल्या कडेवर हिरवा, निळा, गुलाबी असे थर दिसत होते. गुलाबीवर बोट ठेवून बाबा म्हणाले, "ह्यो तू झालंस तेव्हाचो." मला गलबलून आलं. त्यांच्या हातचं काम मोडीत काढायला निघाले होते मी. तुकडे खाली ठेवून तेच म्हणाले, "बोलाव वायरमनाक."

नवी वायरिंग झाली. रंगही लागला. पण या वेळी बाबांनी बारीक ब्रश आणला आणि वायरच्या दोन्ही बाजूंनी जपून रंग दिला, वायर तेवढी कोरी ठेवली. गणपतीत आत्येने विचारलंच, ही अशी अर्धवट का सोडली?

"तडो गेलो तर दिसाक व्हयो," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "बघूक चेडू आसा माझा."