हवापाणी मानवलं का?

लग्नानंतर रानशेतहून निघाले तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "हवापाणी मानवलं नाही तर सरळ निघून ये." मला हसूच आलं. चिंचणी काय परदेश आहे?

चिंचणीजवळच्या चाळीत पहिल्याच संध्याकाळी वास आला. सुकत घातलेले बोंबील असतील म्हणून मी नाक मुरडलं, तर शेजारीण म्हणाली, "बोंबील कसले! कंपनीने गॅस सोडलाय." नवरा त्याच कंपनीत. मग बोलणार कोणाला? त्यात चाळीमागे प्लास्टिक जाळायचे, पुढून ट्रक धुरळा उडवत जायचे. दोरीवरचा पांढरा सदरा पिवळट पडायचा. फोनवर आईचा तोच प्रश्न, "हवापाणी मानवलं का गं?" आणि माझं तेच उत्तर, "मानवलं."

मला मानवलं, माझ्या परीला नाही. एवढीशी पोर, तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. वाफेचं मशीन कपाटात ठेवायची सोयच नव्हती, इतकं लागायचं. गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, हिला या हवेतून बाहेर काढा. बाहेर म्हणजे कुठे? पोट तर याच कंपनीवर. शेवटी काळजावर दगड ठेवला आणि तिला आईकडे, रानशेतच्या शाळेत घातलं.

गावची हवाही काही देवाघरची नाही हो. भाताची रोपं टाकायच्या आधी शेतात पालापाचोळा जाळतात, घरोघरी चुलीचा धूर. पण नात येणार म्हणून आईने आयुष्यभराची चूल उचलून अंगणात नेली. मी तिथे वाढले, खोकले, तेव्हा नाही नेली! असो. मी परत निघताना परीने माझी ओढणी धरली. "मम्मी, ही ठेव ना. हिला आपल्या घराचा वास येतो."

आता ती धावते म्हणे, दम्याचा पंप क्वचितच लागतो. गावच्या बायका विचारतात, लेकीला दूर ठेववतं कसं? ठेववत नाही, बायांनो. इथे संध्याकाळी वास सुटला की मी खिडक्या आपटून लावते आणि त्या कंपनीला शिव्या घालते.

काल आईचा फोन आला. "अगं, ती ओढणी धुऊ का? कसल्यातरी औषधासारखी घाण मारते. पोरगी तोंडावर घेतल्याशिवाय निजत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको गं धुऊस."