दोन परिच्छेदांमधली जागा

टायपिस्टबाई वकिलांच्या त्या ऑफिसात एकतीस वर्षं होत्या. आधी थोरल्या वकीलसाहेबांचे कागद टाइप केले, ते गेल्यावर त्यांच्या मुलीचे. ही मुलगी लहानपणी बाईंच्याच टेबलाखाली बसून कार्बनपेपरने बोटं काळी करायची, म्हणून अशिलांसमोर ‘वकीलबाई’ आणि एरवी ‘अगं’ असा बाईंचा शिरस्ता. टाइपरायटरच्या काळात त्यांच्या कागदात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. कॉम्प्युटर आला, तोही त्यांनी अंगवळणी पाडून घेतला. एकाच गोष्टीशी मात्र अकरा वर्षांत सूत जुळलं नाही: क्रमांक घातलेल्या परिच्छेदांमधली जागा.

त्या गुरुवारी तीच नडली.

एका आजोबांचा अर्ज होता. मुलगी वारलेली. जावई सहा वर्षांच्या नातीला घेऊन शनिवारी कायमचा परदेशी चाललेला, आणि जाण्याआधी एकदा भेटूही देईना. अर्ज चारच्या आत दाखल झाला, तरच शुक्रवारी न्यायाधीशांपुढे जाणार होता. एकूण सत्तेचाळीस परिच्छेद. आजोबा सकाळपासून बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

बारा वाजता अर्ज परत आला. न्यायालयाच्या खिडकीवरचे कारकून कागदावर खरोखरच पट्टी ठेवून बघत, म्हणून सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. दोन परिच्छेदांत सारखी जागा हवी, असा नियम. इथे पहिले वीस एकमेकांना चिकटलेले, मधले ऐसपैस, शेवटचे पुन्हा दाटीवाटीने. जुन्या अर्जांतले तुकडे उचलून जोडले की हे असंच व्हायचं.

बाईंनी सगळा मजकूर निवडला आणि जागेच्या चौकटीत बारा आकडा घातला. मग अठरा. मग चोवीस. सैल होते ते परिच्छेद आणखी सैल झाले, चिकटलेले मात्र ढिम्म. रागाच्या भरात साठ घातला, तरी तेच. शेवटी सगळं पहिल्यासारखं करून त्यांनी जुना रस्ता धरला: जिथे चिकटलंय तिथे एंटर मारायचा. एंटर मारला की रिकाम्या ओळीला नवा क्रमांक फुटायचा. तो पुसायचा आणि पुढे जायचं. पुसता पुसता नाकी नऊ आले. मधूनच दार उघडून आजोबा विचारत, झालं का. बाई मान न वळवता म्हणत, होतंय.

अडीच वाजता कागद दुसऱ्यांदा परत आले. एकोणीस क्रमांकापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तेवढा एक पुसायचा राहिला होता, आणि त्यापायी पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले होते. ‘परिच्छेद तेवीसमध्ये म्हटल्याप्रमाणे’ म्हणून तेवीस बघावा, तर तिथे नातीच्या शाळेचा पत्ता. मुलीचं शेवटचं पत्र चोविसात जाऊन बसलेलं.

वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“मावशी, बाहेरून टाइप करून आणू का?”

एकतीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या आणि तरातरा रस्ता ओलांडून थेट खिडकीवर गेल्या. बाकीचे लोक ही जागा सोडतात तरी कशी, असं त्यांनी फूटपट्टींना विचारलं.

“जागेचा आकडा घालतो ना, त्या चौकटीखाली एक खूण असते,” ते म्हणाले. “एकाच प्रकारच्या परिच्छेदांमध्ये जागा सोडू नये, अशी. ती काढायची.”

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“झाली की सात-आठ वर्षं.”

“आणि इतके दिवस आमचे कागद नुसते परत पाठवत होतात?”

“तुम्ही विचारलं नाहीत, बाई.”

त्यांच्या स्वरात खोच नव्हती, आणि त्यामुळेच बाईंचा जास्त संताप झाला. पण भांडायला वेळ कुठे होता? परत येऊन त्यांनी रिकाम्या ओळी काढल्या, ती खूण काढली, बारा आकडा घातला. सत्तेचाळीसही परिच्छेद एकदम सारखे अंतर सोडून उभे राहिले. चार सेकंदांचं काम. आनंद व्हायला हवा होता; बाईंना टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तीन पन्नासला अर्ज दाखल झाला. शुक्रवारी न्यायाधीशांनी आजोबांना त्याच संध्याकाळी दोन तासांची भेट दिली, शिवाय दर रविवारी फोन. सोमवारी आजोबा मुद्दाम येऊन सांगून गेले की नातीचा पुढचा दात पडलाय आणि ती बोलताना शिट्टी वाजते. वकीलबाईही म्हणाल्या, त्या दिवशी माझं जरा चुकलंच. बाईंनी “हं” केलं.

त्यांच्या डोक्यातून ती सात-आठ वर्षं जात नव्हती. मंगळवारी त्यांनी त्या खुणेबद्दल पाच ओळींचा कागद टाइप केला आणि खिडकीशेजारी चिकटवायला नेला. फूटपट्टींनी तो नीट वाचला, बरोबर आहे म्हणाले, आणि सूचनेवर कार्यालयाचा शिक्का लागतो म्हणून परत दिला.

बाईंनी दात-ओठ खात त्याच्या चाळीस प्रती काढल्या. दुपारी रांगेत उभं राहून त्यांनी हातात अर्ज दिसेल त्याला एक-एक वाटली.