मॅडम, नायट्यावरचं मलम आहे का?

आमचे सासरे बसचे ड्रायव्हर. तोंडाने तोफ! कुणी बससमोर आडवं आलं, की खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. पण स्वतःचं काही दुखलंखुपलं, की तोंडात मिठाची गुळणी.

उन्हाळा लागला तसं त्यांनी जेवायला बसणंच सोडलं. ओट्याशी उभ्याउभ्या चार घास गिळायचे नि चालू पडायचं. मी आपली ताटं वाढून बसलेली. नवरा म्हणाला, "घाई असेल गं." सुट्टीच्या दिवशी कसली डोंबलाची घाई? मला वाटलं, माझ्या हातचं गोड लागत नाही. शेवटी एका रविवारी माझा तोल सुटला. "मी नकोशी झाले असेन तर तसं सांगा, आम्ही वेगळं बिऱ्हाड करतो!" सासरे कानापर्यंत लाल झाले. चपला पायात सरकवून बाहेर पडले.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दुसऱ्या दिवशी सासरे तिथे हजर. आधीही दोनदा येऊन खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेले होते, घरात कुणी साधं खाकरतसुद्धा नसताना. आज त्यांच्या मागे एक बाई उभ्या होत्या. काउंटरच्या काचेकडे बघत ते पुटपुटले, "मॅडम, नायट्यावरचं मलम आहे का?"

मॅडम! घरी मी 'सूनबाई', नाहीतर 'अगं ए'.

"कुणाला हवंय?"

"आमच्यातला एक ड्रायव्हर आहे. जांघेत झालंय. दिवसभर घामात सीटवर... बसवत नाही हो त्याला. सांगायचं कुणाला? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. जळली मेली माझी जीभ! मी ट्यूब काढली आणि रोज सगळ्यांना सांगते तेच सांगू लागले, "जागा धुऊन कोरडी करायची, मग सकाळ-संध्याकाळ पातळ लावायचं. खाज थांबली म्हणून लगेच सोडायचं नाही. टॉवेल वेगळा ठेवायचा. आणि उतरलं नाही तर डॉक्टरला दाखवायचं, साहेब."

'साहेब' कसं तोंडून गेलं, देव जाणे.

ते घुटमळले. "मॅडम, त्याची सून आहे. तिला वाटतं, हा तिच्यावर रागावलाय. तिला काय सांगावं त्यानं?"

"काही नको सांगायला," मी म्हणाले. "कळलंय तिला."

ट्यूब खिशात घालून ते खालमानेने निघून गेले. मागच्या बाई पुढे सरकल्या. "ओळखीचे वाटतं?"

"छे हो, गिऱ्हाईक. तुम्हाला काय देऊ?"