आटण्यासाठी सोडलेली लांबी

कारखान्यात उभ्या उभ्या तो कागद मोजला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. मोजपट्टी माझ्या पिशवीत होती. पण समोरच्या माणसाने काम निगुतीने करून दिले होते आणि त्याच्यादेखत पट्टी काढणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटले. तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, तरी मोठ्या माणसांसमोर काही तपासायची वेळ आली की माझा हात आखडतो.

माझी मुलगी कोकणातल्या एका किनाऱ्यावर सर्फिंग शिकवते. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला कसे यायचे, ते पर्यटकांना दाखवते. मी आमच्या सुरतेजवळच्या डुमसच्या काळ्या वाळूवरसुद्धा घोट्याच्या वर पाणी येऊ दिलेले नाही. तिचा फोन वेळेवर आला नाही, की मी डिंडोलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात उगाचच ओटा पुसत राहते.

या वर्षी तिने स्वतःची फळी स्वतः घडवायची ठरवले. त्यासाठी लागणारा फोमचा लांब ठोकळा कित्येक महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर तिला मिळाला होता. त्यावर आकार आखायचा आणि करवत चालवायची. चुकले तर पुन्हा जोडता येत नाही. आकाराची वळणे मात्र तिला साधेनात.

"आई, ती वक्ररेषा तू काढ. मला लॅपटॉपपुढे बसवत नाही."

"मला कुठे येतं ते सॉफ्टवेअर?"

"मग शिक की. निवृत्त झालीस म्हणून आता पापडच लाटणार आहेस का?"

अशा रीतीने, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी तिच्या जुन्या लॅपटॉपवर माउस धरायला शिकले. तिने पाठवलेली मापे भरायची: टोकाजवळची रुंदी, मधली, शेपटीची. संगणक त्यांच्यातून एक वळण काढून देई आणि मी ते केसाकेसाने सरकवत बसे. फळीचा अर्धाच आकार काढायचा असतो; मधल्या रेषेवर कागद पालथा केला की दुसरी बाजू मिळते. एकशे त्र्याऐंशी सेंटीमीटर लांबीचे ते वळण जमले, तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. ज्या गोष्टीवर उभी राहून ती खोल पाण्यात जाणार होती, तीच मी काढत होते.

घरच्या प्रिंटरवर पाने छापून चिकटपट्टीने जोडून पाहिली, तर प्रत्येक जोडावर रेघ अडखळली. मुलगी हसली. "सुरतेत राहतेस आणि मोठा कागद छापून मिळत नाही म्हणतेस?"

तिचे म्हणणे बरोबर होते. नवागामच्या रस्त्याला साड्यांची नक्षी आधी कागदाच्या रुंद गुंडाळीवर छापतात आणि मग गरम रोलरखाली कापडावर उतरवतात. तशा एका कारखान्याच्या दारासमोरून मी दोनदा पुढे गेले, तिसऱ्यांदा आत शिरले. यंत्रावरचा माणूस चाळिशीचा, खानदेशातला. त्याने पडद्यावरचा आकार पाहिला आणि शेजाऱ्याला हाक मारली, "इकडे ये रे, हाई काय शे? मासा शे का होडी शे?"

लेकीच्या लाटांवरच्या फळीचा आकार आहे, असे मी हळूच सांगितले. माझे बोलणे ऐकून तोही पुस्तकी मराठीकडे वळला. "उलटं छापू की सुलटं, मावशी? आमच्याकडे सगळं उलटं छापतात, म्हणजे कापडावर सुलटं उतरतं."

"सुलटंच," मी म्हणाले. इतकी बारीक गोष्ट त्याने आपणहून विचारली, तेव्हा बाकीचेही विचारलेच असते, असे मी धरून चालले. दोन प्रती मिळाल्या. एक त्याच संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या बसने मुलीकडे रवाना केली. दुसरी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, केवळ आपले काम पुन्हा एकदा पाहावे म्हणून, मी ती जमिनीवर पसरली. वर्गातल्या सवयीने मी कोपऱ्यात दोन ताळ्याच्या रेघा काढून ठेवल्या होत्या: एक आडवी, वीस सेंटीमीटरची; एक उभी, बरोबर एक मीटरची. आडवी बरोबर भरली. उभीवर मोजपट्टी ठेवली, तर शंभराच्या पुढेही रेघ चालूच होती. एकशे तीन.

पुन्हा मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. सबंध आकार साडेपाच सेंटीमीटरांनी लांबला होता आणि रुंदी होती तेवढीच. बोटभर फरकानेही फळी पाण्यात वेगळी वागते, असे मुलगीच म्हणाली होती. पार्सल सकाळीच पोचले होते. पाच वाजता शिकवणी संपवून ती करवत हातात घेणार होती आणि तोवर तिचा फोन किनाऱ्यावरच्या खोलीत पडून राहणार होता. तेव्हा अडीच वाजले होते.

इथे एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, जरी ती लिहिताना लाज वाटते. पहिल्या क्षणी मला हायसे वाटले. मी गप्प बसले तर ठोकळा वाया जाईल, दुसरा मिळायला कित्येक महिने लागतील, तोवर तिची स्वतःची फळी होणार नाही. कुणी मला दोषही देणार नाही. मी कागदाशेजारी तशीच बसून राहिले. मग मनात आले, की ती ठोकळा वाया जाऊ देणारी नाही. आहे त्या आकारावर रेटून नेईल आणि त्याच फळीवर उभी राहून आत जाईल.

मी संदेश लिहिला: "कापू नकोस. माप चुकले आहे." त्याच्यापुढे एकच खूण उमटली, म्हणजे तो पोचला नव्हता. पण चूक कुणाची, ते मला ठाऊक नव्हते. माझ्या फाइलमध्येच दोष असेल, तर नव्या कागदावरही तोच उतरणार. गुंडाळी काखेत धरून मी रिक्षा केली. या वेळी दारासमोरून पुढे गेले नाही.

यंत्राच्या आवाजात मला दोनदा सांगावे लागले. "लांबी तीन सेंटीमीटर जास्त आली आहे. दर मीटरला."

"जास्त नाही, मावशी, बरोबर आहे," तो समजूत घालत म्हणाला. "रोलरमधून निघालं की कापड लांबीत आटतं. तेवढं आम्ही आधीच सोडतो. कुणी सांगावं लागत नाही."

"पण हे कापडावर उतरवायचं नाही. कागदच वापरायचा आहे."

त्याने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "कागद कुठे आटतो!" त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "तुम्ही कालच बोलायचं ना, माय!"

"तुम्ही इतकं नीट केलं होतं," मी म्हणाले.

यंत्रावरची साड्यांची गुंडाळी संपेपर्यंत थांबावे लागले; नवा कागद उतरत असताना फोन वाजला. पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

"आई, मेसेज आत्ता पाहिला. कागद सकाळीच प्लायवूडवर चिकटवला, साचा कापलासुद्धा."

"आणि फोम?"

"साचा फोमवर ठेवून बघितला, तर बाहेर जात होता. मला वाटलं ठोकळाच आखूड आला. साच्याची शेपटीकडून दोन बोटं उडवून देणार होते. करवत हातातच आहे."

"खाली ठेव."

"ठेवली. तुझा आवाज का असा येतोय?"

"दुसरा कागद पाठवते," मी म्हणाले. "त्याच्याशिवाय हात लावायचा नाही." हे मी वर्गातल्या आवाजात बोलले असणार, कारण यंत्रावरचे दोघेही वळून पाहू लागले.

मग मी पिशवीतून मोजपट्टी काढली. त्या माणसाने न सांगता तिचे दुसरे टोक धरले. उभी रेघ शंभर. आडवी वीस. टोकापासून शेपटीपर्यंत एकशे त्र्याऐंशी. मी पुन्हा मोजायला लावले. त्याने पुन्हा धरले. कुठेही चूक नव्हती. आता फळी होणार होती आणि मुलगी तिच्यावरून आत जाणार होती.

कागद गुंडाळताना त्याने विचारले, "तिला पोहता येतं ना, मावशी?"

"येतं," मी म्हणाले. "मला येत नाही."

त्याने गुंडाळीला आणखी एक दोरी घट्ट बांधली आणि बसच्या थांब्यापर्यंत ती स्वतः उचलून आणली.