मिस्त्रींचं सपाट पिनबॉल

आमच्या शेजारचे मिस्त्री म्हणजे चालतीबोलती पाणसळ, सपाटी तपासायची ती बुडबुड्याची नळी. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, आणि त्यांनी बसवलेल्या फळीवर गोटी ठेवली तर ती बिचारी कुठे जावं ते न कळून जागच्या जागी उभी राहते. कुणाकडे गेले की पाणी प्यायच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतात. माझ्या घरातली मी मुद्दाम वाकडी करून ठेवते. दोन मिनिटं तग धरतात, मग उठतातच.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रीणबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला. जीभ तर आठवड्यातच. ती कशाला रजा घेतेय! डावा हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "बोटं आत्ता हलवली तर हलतील. वर्षभर अशीच ठेवलीत, तर मग मीही काही करू शकणार नाही." दाबायला एक रबरी चेंडू दिला. दुसऱ्याच दिवशी तो खिडकीतून येऊन माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर आदळला.

"पडला," मिस्त्रीणबाई खिडकीतून म्हणाल्या.

"पडला की उडाला?"

"तुम्हाला काय करायचंय? चादर धुवा परत."

आता या बाई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दोन्ही हातांनी फटाफटा तारा जोडायच्या आणि दुपारच्या सुट्टीत समोरच्या कॅफेतल्या पिनबॉलच्या यंत्रावर पुरुषांची रांग ताटकळत ठेवायच्या. मिस्त्री तिथे काउंटर बसवायला गेले होते. दोन दिवसांचं काम, त्यांना दहा दिवस लागले. लाकूड ओलं होतं, असं ते अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

तर मिस्त्रींनी घरीच पिनबॉल करायला घेतलं. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मी रोज जाऊन तिथेच उभी राहायची. प्लायवूडचा पाट, त्यात ठोकलेल्या खिळ्यांना रबरबँड, वरच्या टोकाला सायकलची घंटा. लोखंडी छर्रा उडवायला दाराच्या कडीचा दांडा आणि मागे स्प्रिंग. खाली छर्रा परत वर टोलवायला दोन लाकडी पट्ट्या, टोला चुकला तर तो गिळायला मधे भोक, आणि पट्ट्या हलवायला पेटीच्या दोन्ही बाजूंना ड्रॉवरच्या मुठी. डावीकडची स्प्रिंग त्यांनी सात वेळा बदलली. करंगळीने दाबून बघायचे, मान हलवायचे, परत काढायचे. कमजोर बोटालाही ती दबली पाहिजे, एवढाच ध्यास.

तयार झाल्यावर मिस्त्रीणबाईंना खुर्चीत बसवलं. उजव्या हाताने त्यांनी दांडा ओढून सोडला. छर्रा झपकन वर गेला, घंटा वाजली, दोन खिळ्यांना धडकला आणि पाटाच्या मधोमध येऊन थांबला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघतोय. तो आमच्याकडे बघतोय.

"मिस्त्री," मी म्हटलं, "उतार कुठाय?"

"उतार?" मी काही अचकटविचकट बोलल्यासारखा त्यांचा चेहरा. "चारही कोपऱ्यांत पाणसळ लावून बघितलंय. केसभर फरक नाही!"

मिस्त्रीणबाई हसत सुटल्या. झटका आल्यापासून त्या हसताना तोंडावर हात धरत, कारण तोंड एका बाजूला ओढलं जायचं. त्या दिवशी हात विसरल्या. मिस्त्री बघतच राहिले, आणि मग निमूटपणे पेटीच्या मागच्या पायांखाली ठोकळे सरकवायला लागले. सरकवता सरकवता हात पाणसळीकडे गेलाच, तेव्हा ती माझ्या हातात कोंबून म्हणाले, "ही घेऊन जा तुमच्या घरी."

छर्रा आता झकास खाली यायला लागला. उजवीकडे आला की बाई फाडकन परतवायच्या. डावीकडे आला की सरळ भोकात. दहा वेळा गेला. डावा हात मुठीवर ठेवला होता खरा, पण जणू दुसऱ्या कुणाचा.

मिस्त्रींना बघवेना. "थांब, डावी मूठही उजवीकडे घेतो. अर्ध्या तासाचं काम."

"हात लावाल तर याद राखा," बाई कडाडल्या. "माझी बटणं तुम्ही लावता, केस तुम्ही विंचरता. आता खेळूही तुम्हीच लागणार?"

मिस्त्री खाली बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी हातातली पाणसळ घट्ट धरली. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. छर्रा घंटेवरून निघाला, डावीकडे वळला, पट्टीवरून घरंगळून भोकात गेला. आणि मग पट्टी हलली. अर्धा इंच.

"उशीर झाला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"झाला तर झाला. हलली ना?" त्या मिस्त्रींकडे वळल्या. "बघत काय बसलात? छर्रा द्या इकडे."

याला आता तीन महिने झाले. बाईंच्या ब्लाउजची बटणं अजून मिस्त्रीच लावतात. डावीकडचे दहातले सहा छर्रे अजून भोकात जातात आणि त्यावर मी मनसोक्त तोंडसुख घेते. परवा व्यायामवाल्या बाईंनी मिस्त्रीणबाईंची बोटं उलगडून पाहिली आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा करता?"

"मोजत नाही. हरले की परत."

डाव्या तर्जनीच्या टोकाला घट्टा पडलाय. त्यावर लावायला मी मलम घेऊन गेले, तर हात झटकन मागे घेतला. डावाच.

"खबरदार," म्हणाल्या. "कमावलाय तो."