बोलायला ठेवलेला माणूस

कंपनीने आमचा प्लांट बंद करून मशीनं परराज्यात नेली, तेव्हा गेटवर प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला. माझ्या खांद्यावर शाल टाकताना प्लांट हेड म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाला काय, कुठंही काम मिळेल." ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. याच माणसासमोर बसून मी कामगारांसाठी एकेक पगारकरार भांडून घेतला होता.

लेथ चालवणाऱ्या पन्नाशीच्या टर्नरला कुठंही काम मिळत नाही, हे मला चाकणच्या कंपन्यांच्या गेटांवर कळलं. साहेबापर्यंत जाण्याआधी सिक्युरिटीवालाच वय विचारायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी बायकोने चिखलीतल्या केंद्राचा पत्ता आणला. नोकरी गेलेल्यांना पुन्हा कामाला लावण्यासाठी एक संस्था ते चालवायची. एका वर्कशॉपच्या माडीवर दोन खोल्या, आणि खाली दिवसभर ग्राइंडरचा आवाज.

तिथली समुपदेशक माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. जुन्या कंपनीचा युनिफॉर्म होता तो, खिशावर कंपनीचं नाव. मीच काय, आमच्यातले निम्मे लोक तोच घालून मुलाखतीला जायचे. आपण परमनंट होतो, हे समोरच्याला न सांगता कळावं म्हणून.

"काका, हा शर्ट बघून साहेबांना काय दिसतं माहितीये? युनियन, मोठा पगार आणि वय."

"मग काय उघडा जाऊ?"

खोलीतले सगळे हसले. ती हसली नाही. मग मुलाखतीच्या सरावासाठी ती साहेब झाली आणि मी उमेदवार. तिने पगाराची अपेक्षा विचारली. मी सांगितली, तिने निम्मी केली, मी टेबलावर हात आपटला.

"अहो काका, मी खोटी साहेब आहे. माझ्यावर कशाला ओरडताय?"

आईच्या भाजीच्या पाटीपाशी भाव करत मी मोठा झालो. मोशीतला फ्लॅट घेताना बिल्डरकडून पार्किंग फुकट काढलं. समोरच्याच्या पहिल्या शब्दाला हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. पण मला पुन्हा मशीनवर उभं राहायचं होतं. बाकी कुठल्याच कामाला माझं मन काम मानत नव्हतं. म्हणून तिने शिकवलेलं सगळं गिळलं आणि साधा शर्ट विकत घेतला.

तिनेच ठिकठिकाणी फोन करून चाकणला एक मुलाखत मिळवली. एचआर मॅनेजर तरुण, गोड बोलणारा. शिकवलेलं सगळं पगाराचा विषय निघेपर्यंत टिकलं, मग आमची जुंपली. माझा आवाज चढला आणि मनात म्हटलं, गेलं हेही. तो मात्र खुर्चीत मागे रेलून हसत होता.

"युनियनच्या कमिटीत होता ना तुम्ही? वाटलंच. मशीनला माणसं मिळतात हो. मला बोलणारा माणूस पाहिजे. इथली कंत्राटी माणसं तुमचं ऐकतील."

"मला मशीन द्या. पगार कमी द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी माझा भाव स्वतःच खाली आणला.

"मशीन नाही. सुपरवायझर. आणि पगार तुम्ही मगाशी मागितला तोच."

नाही म्हणायला त्याने जागाच ठेवली नव्हती. केंद्रात टाळ्या वाजल्या, त्या मुलीने पेढा दिला. काम मशीनवरचं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

या कंपनीतली रीत अशी की कंत्राटी माणूस सहा-सात महिने ठेवायचा आणि मग त्याला 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे कामावरून काढायचं, कायम करा म्हणायचा हक्कच त्याला मिळू नये म्हणून. रुजू झालो त्याच महिन्यात एका तुकडीला ब्रेक सांगायचं काम माझ्याकडे आलं. कँटीनच्या मागे त्यांना गोळा केलं. मी चांगलं बोललो. खोटं काही बोललो नाही, तरी कुणाचा आवाज चढला नाही. एखाद्याने शिवी द्यावी म्हणून मी थांबलो होतो. कुणी दिली नाही.

बीडकडचा एक ऑपरेटर उलट म्हणाला, "बरं केलं मामा, तोंडानं सांगितलं. मागच्या कंपनीत तर गेटवर कार्डच चालंना, तवा कळलं."

मी त्याला चिखलीच्या केंद्राचा पत्ता दिला. त्या मुलीला फोन करून ठेवतो, म्हणालो.

"काम लागतंय का तिथनं?"

"मला लागलं की."

"कुठं?"

"इथंच."

तो खुश झाला. "मग मला बी असलंच लावून द्या की, मामा. नुसतं बोलायचं. मशीनवर उभं राहून कंबर गेली पार."

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही, पण तो दोन पावलं मागे सरला.

"चुकलं साहेब," तो म्हणाला.