पाणक्या मुसू

मुसूच्या पायांवर एकही केस नव्हता. ही बातमी आमच्या घरात माझ्या सासूबाईंनी आणली. त्या सांगलीहून क्युपर्टिनोला आल्याला आठवडाही झाला नव्हता. सकाळी बाल्कनीत चहा घेताना त्यांनी शेजारच्या बाल्कनीत एक गोरा, वाळक्या शेंगेसारखा माणूस बादलीत पाय सोडून बसलेला पाहिला. तो रेझरने पोटऱ्या गुळगुळीत करत होता. आत येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "शेजारचा माणूस नाटकात बायकांची कामं करतो का गं?"

तो नाटकात नव्हता, सायकलच्या शर्यतीत होता. फ्रान्समध्ये बरीच वर्षं धंदेवाईक शर्यती खेळून, पस्तिशी उलटल्यावर एका लहानशा अमेरिकन टीमकडून खेळायला कॅलिफोर्नियात आला होता. पायांबद्दल मी विचारलं तेव्हा त्याने आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की शर्यतीत पडणं रोजचंच, आणि जखमेवरची पट्टी ओढून काढताना केस नसलेले बरे. मग जरा विचार करून म्हणाला, "आणि शिवाय, पाय सुंदर दिसतात." त्याचं खरं नाव आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जिभेवर बसेना. अपार्टमेंटचा मॅनेजर त्याला चिडवायला 'मस्यू, मस्यू', म्हणजे फ्रेंचमध्ये 'महाशय', करायचा, त्याचं आईंनी मुसू केलं. मग आमच्याकडे येणारे सगळे मराठी काका-काकू, त्यांची पोरं, सगळ्यांचाच तो मुसू झाला.

मुसूचं एक तत्त्व होतं. बसता येत असेल तर उभं राहू नये आणि झोपता येत असेल तर बसू नये. पाय हे सायकलसाठी दिलेले आहेत, चालण्यात वाया घालवू नयेत. सकाळी तो सायकलवर समुद्रापर्यंत डोंगर ओलांडून जायचा आणि परत यायचा, आणि मग आमच्या पहिल्या मजल्यावर लिफ्टने चढायचा. लिफ्ट बंद असली तर खाली लॉबीतल्या सोफ्यावर आडवा पडून दुरुस्तीवाल्याची वाट बघायचा. गुडघे धरून जिना चढणाऱ्या आई एकदा त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ऊठ रे मेल्या, लाज वाटू दे." त्याला मराठी कळत नव्हतं, पण आईंचा स्वर कळला. तो उठला, त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, आणि वर येऊन आमच्या सोफ्यावर आडवा झाला.

तिथून त्याचं आमच्याकडे येणं सुरू झालं. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरीची परवानगी नव्हती. कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरात भांडी घासत होते. अजित, माझा नवरा, सकाळी ऑफिसला ड्राइव्ह करत गेला की घर खायला उठायचं. मुसू आला की मात्र करमणूक असायची. तो आणि आई तासन्‌तास बोलत. त्या मराठीतून, तो फ्रेंचमधून. दुभाषा म्हणून मी मध्ये पडले तर दोघांनाही आवडायचं नाही. "आमचं बरं चाललंय," असं आई म्हणायच्या.

त्याच्या कारकिर्दीची कथा आम्हाला अशीच तुकड्या-तुकड्यांनी कळली. आधी अजितला वाटलं होतं, मोठा चॅम्पियन आपल्या शेजारी राहतो. त्याने कौतुकाने विचारलं, "किती रेस जिंकलास?"

"एकही नाही," मुसू म्हणाला, आणि पुढचं थालीपीठ ओढलं.

त्याचं काम जिंकण्याचं नव्हतंच. प्रत्येक टीमचा एक म्होरक्या असतो, त्याने जिंकायचं. बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा अडवायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं, आणि मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या बंडीत कोंबून पुढे आणायच्या. मुसूने आयुष्यभर हेच केलं होतं. मी आईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणक्या." हा शब्द मुसूला फार आवडला. नंतर अजितच्या ऑफिसच्या पार्टीत कोणी काय करतोस विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "पाणक्या." लोकांना ते फ्रेंच वाटायचं.

फ्रान्समधल्या त्या तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीत तो एकदा शेवटचा आला होता. सगळ्यात शेवटचा. तिकडे शेवटून पहिल्याला 'लाल कंदील' म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. शेवटचा येणं सोपं नाही, असं मुसूचं म्हणणं. फार मागे पडलं तर बाहेर काढतात, आणि शेवटून दुसरा आला तर कुणी ओळखत नाही. त्या वर्षी आणखी एकाचा त्या जागेवर डोळा होता, तेव्हा मुसू एका झाडामागे लपून त्याला पुढे जाऊ देऊन मग निघाला होता.

तिकडच्या टीमने त्याला काढलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. एका टप्प्यात तो चुकून पुढे निघाला आणि मॅनेजर कानातल्या रेडिओवरून 'थांब, म्होरक्याची वाट बघ' असं ओरडत राहिला. मुसूने रेडिओ बिघडल्याचं नाटक केलं. तो तिसरा आला, आणि मग मॅनेजरने रेडिओवरून विचारलेल्या प्रश्नाला कॅमेऱ्यासमोरच उत्तर देऊन बसला.

मला सायकलवर बसवलं तेही त्यानेच. एका गराज सेलमधून जुनी सायकल आणून त्याने ती आमच्या दाराशी उभी केली. शाळेनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "आता या वयात?" तो म्हणाला, "घरात बसून तू माझ्यापेक्षा म्हातारी झाली आहेस." मला राग आला, आणि त्या रागातच मी लायब्ररीपर्यंत जाऊन आले. पुढे रोज जाऊ लागले.

त्या वर्षीच्या शर्यतींच्या मोसमात टीमने त्याला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी करार नाही. त्याने ते आम्हाला फोडणीच्या भातावर दही घेता घेता सांगितलं. शेवटची शर्यत कॅलिफोर्नियातलीच होती आणि तिचा एक टप्पा आमच्या घराजवळच्या, टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरून होता. सायकलवाल्यांची एक रीत आहे. शर्यत एखाद्याच्या गावातून जात असली तर बाकीच्या स्वारांचा घोळका त्याला जरा पुढे जाऊ देतो. त्याने घरच्यांपाशी थांबायचं, गळाभेट घ्यायची, आणि मागून घोळका आला की त्यात मिसळायचं. मुसूने सगळ्या स्वारांना सांगून ठेवलं, "इथे माझी आई राहते."

आई सकाळपासून नऊवारी नेसून रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात ताम्हन, वाटीत दही. मुसू वळणावरून एकटाच आला, थांबला, हेल्मेट काढून वाकला. आईंनी कुंकू लावलं, ओवाळलं, तळहातावर दही घातलं. आजूबाजूचे अमेरिकन लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात आईंना वळणावर घोळका दिसला. ही रीत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. "अरे मुसू, ते बघ आले," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "पळ."

मुसूने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते?"

मी भाषांतर केलं.

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्याला लॉबीतल्या सोफ्यावर आडवं होतानाही पाहिला नव्हता. त्याने दही चाटलं, हेल्मेट डोक्यावर थापलं आणि सुटला. घोळका गप्पा मारत, हसत, सावकाश आमच्यापाशी आला. मुसू कुठे थांबलाय हे बघत त्यांनी माना वळवल्या, आणि तो नाही हे कळेपर्यंत तो टेकडीआड गेला होता.

पुढचं आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं. कपाळाला कुंकू लावलेला एक माणूस एकटा चढ चढत होता, घामाने कुंकू नाकावर ओघळलं होतं. समालोचकाला वाटलं, तो पडला आणि रक्त येतंय. आई टीव्हीसमोर हात जोडून बसल्या. शेवटची कमान दिसत असताना घोळक्याने त्याला गाठलं आणि दोन्ही बाजूंनी गिळून टाकलं. आई उठून आत गेल्या. मी त्यांच्यामागे गेले तर म्हणाल्या, "मी पळ म्हटलं नसतं तर बरं झालं असतं का?"

त्याने मोठा अपराध केला होता. रीत मोडली होती. मॅनेजरने जाब विचारला तेव्हा म्हणाला, "आई सांगते ते ऐकावं लागतं." बाकीचे स्वार त्याच्याशी बोलेनात. मग दुसऱ्या दिवशी, शेवटच्या टप्प्यात, मुसूने एक केलं. तो आपल्या टीमपुरतं न बघता मागे जात राहिला आणि घोळक्यात जो तहानलेला दिसेल त्याला, कुठल्याही टीमचा असो, पाणी आणून देत राहिला. कुणी आधी घेईना. मग एकाने घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळे हसत होते, आणि शेवटची रेषा घोळक्याने आधी ओलांडली आणि बाजूला सरून त्याला सगळ्यात शेवटी, लाल कंदिलासारखं एकट्याला येऊ दिलं.

तो परत फ्रान्सला गेला. आई सांगलीला गेल्या. मुसूने आपल्या गावात एक लहानसा बार काढला. मधूनमधून फोन करायचा, माझ्या सायकलची चौकशी करायचा, मग म्हणायचा, "आई?" मी म्हणायचे, बऱ्या आहेत.

२००८ मध्ये आई गेल्या. सांगलीहून परत आल्यावर मी त्याला फोन केला. त्याने फ्रेंचमध्ये कुणाला तरी काही सांगितलं, मागे गलका झाला, आणि फोनवर एका म्हाताऱ्याचा आवाज आला. त्याचं इंग्रजी मुसूपेक्षा बरं होतं.

"मॅडम, हा आत्ता बार बंद करतोय. म्हणतो, आई वारली. पण त्याच्या आईला आम्ही सगळ्यांनी मिळून पुरलं, पुष्कळ वर्षं झाली. हा नेहमीच थापा मारतो. खरं काय ते तुम्ही सांगा."

"खरं आहे," मी म्हटलं. "त्याची एक आई इकडे होती."

म्हाताऱ्याने तोंड वळवून बारमध्ये एक वाक्य सांगितलं. गलका बंद झाला आणि पाठोपाठ फरशीवर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी, मग पुष्कळ. माणसं उठून उभी राहत होती.